कलावंतांशीं संवाद

आपल्याकडील मासिकांत, साप्ताहिकांत आणि संगीत-महोत्सवांच्या व्यासपीठांवरहि गांवांतल्या एखाद्या गायकास, वादकास अथवा चित्रकारास समोर बसवून त्याच्याशीं त्याच्या कलेविषयीं गोष्टी करण्याची चाल आतां चांगलीच रूढ झाली आहे. ही चाल स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. ज्या मनुष्यानें चाळीस वर्षें तंबोऱ्याच्या किंवा कुंचल्याच्या संगतींत काढलीं, त्याला चार जिज्ञासूंनीं घटकाभर बोलतें करावें, यांत त्याचा सन्मान आहे आणि आपलें हितहि आहे. तथापि अशीं पुष्कळ संभाषणें वाचून झाल्यावर मनांत एक असमाधान उरतें. कलावंत बदलतो, गांव बदलतें, कला बदलते. पण संभाषण तेंच राहतें. 'आपणांस या कलेची गोडी कशी लागली?', 'आपलें स्फूर्तिस्थान कोणतें?', 'नव्या पिढीस आपण काय सांगाल?' हे तीन प्रश्न ठरलेले, आणि उत्तरेंहि ठरलेलीं. घरांत गाणें होतें. गुरूंची कृपा झाली. नव्या पिढीनें मेहनत करावी. यांतील एकहि उत्तर खोटें नसतें. पण त्यांतील एकहि त्या विशिष्ट माणसाचें नसतें. तेंच उत्तर शेजारच्या गांवच्या दुसऱ्या कोणाच्या तोंडीं घातलें, तरी कोणाच्या लक्षांत येऊं नये!

हा दोष कोणाचा? पुष्कळ जण तो कलावंताच्या माथीं मारतात. 'त्याला करतां येतें, सांगतां येत नाहीं,' असें म्हणून ते मोकळे होतात. मला हें मत मान्य नाहीं. कलावंताच्या ज्ञानाचा जो सर्वांत मोलाचा भाग, तो त्याला सांगण्याजोगा वाटतच नाहीं, ही खरी अडचण आहे. तीस वर्षें रोज केलेली गोष्ट हातांत मुरते. आणि हातांत मुरलेली गोष्ट जिभेवर येण्याचें कारण उरत नाहीं. पट्टीच्या पोहणाराला आपण पाणी कसें कापतों हें आठवावें लागत नाहीं. म्हणूनच विचारणारा लागतो. जें कलावंताला क्षुल्लक वाटतें तें क्षुल्लक नाहीं हें ओळखून त्याच्याकडून तें काढून घेणें, हेंच विचारणाऱ्याचें काम. आणि या कामांत आपल्याकडे कोणास कितपत यश आलें, याचा हिशेब एकदां मांडून पाहण्याजोगा आहे.

हा हिशेब मांडावयास मिरज-कोल्हापूरचा टापू फार सोयीचा. या दोन गांवांमधील अंतर सुमारें पन्नास किलोमीटरांचें. पण एवढ्या थोड्या भूमीवर कलावंतांची एवढी दाटी क्वचितच झाली असेल. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं ग्वाल्हेरची गायकी या भागांत रुजविली आणि मिरजेस विष्णु दिगंबर पलुसकरांना ती शिकविली. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) मिरजेस स्थायिक झाले, आणि तेथील ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारांतच ते चिरविश्रांति घेत आहेत. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या आश्रयानें कोल्हापुरास राहिले. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) जन्मानें कोल्हापूरचे. आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या परिसरांत चित्रें काढीत. आणि बाबूराव पेंटरांनीं कोल्हापुरांतच बनविलेल्या कॅमेऱ्यानें १९२० चा 'सैरंध्री' हा चित्रपट घेतला. या सर्वांच्या जोडीला मिरजेचे सतारमेकर. यांचे पूर्वज मूळचे शिकलगार. तलवारींना धार लावणारे हे हात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पटवर्धन संस्थानिकांच्या प्रोत्साहनानें तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, तें याच परंपरेचें फळ होय.

प्रथम विचारणाऱ्यावांचून झालेलें कथन पाहूं. धुरंधर १८९० सालीं मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत विद्यार्थी म्हणून शिरले आणि १९३१ सालीं तेथूनच सेवानिवृत्त झाले. या काळाचा वृत्तांत त्यांनीं 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' या नांवानें १९४० सालीं स्वतः लिहिला. एका मराठी चित्रकारानें आपल्या आयुष्याचा असा पट मांडावा, ही आपल्या वाङ्मयांत लहान गोष्ट नव्हे. परंतु आत्मकथनाचें जें बळ तीच त्याची मर्यादा. लेखकाला जें सांगावेंसें वाटतें तें त्यांत येतें. जें अंगवळणीं पडल्यामुळें सांगण्याजोगें वाटत नाहीं तें राहून जातें. मुंबईच्या रस्त्यावरील नाना जातींचीं, नाना पेशांचीं माणसें धुरंधरांनीं चितारलीं. चालत्या बाईच्या लुगड्याची घडी तिच्या पावलाबरोबर कशी हलते, हें त्यांच्या हाताला अचूक ठाऊक होतें. 'आपण आधीं पाऊल काढतां कीं आधीं घडी?' असें त्यांना कोणी विचारावयास हवें होतें. स्वतःस असला प्रश्न कोण विचारतो? आबालालांच्या बाबतींत तर तेवढाहि आधार नाहीं. त्यांच्या चित्रांच्या मानानें त्यांचे स्वतःचे शब्द नाहींतच म्हटलें तरी चालेल.

दुसरा प्रकार, घरच्या माणसानें विचारण्याचा. अल्लादियाखाँसाहेबांनीं उतारवयांत आपला जीवनवृत्तांत नातू अझीझुद्दीनखाँ यांस उर्दूंत सांगितला व त्यांनीं तो लिहून घेतला. त्याचें इंग्रजी भाषांतर २००० सालीं प्रसिद्ध झालें. हें कथन अनमोल होय. कारण खाँसाहेबांनीं आपलें गाणें ध्वनिमुद्रित होऊं दिलें नाहीं. त्यांचा आवाज आज केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या गाण्यांतून अनुमानानें जाणावयाचा. स्वतःचे असे फक्त हे शब्द. ऐन उमेदींत अतिगायनानें त्यांचा आवाज गेला आणि पुढें परत आला तो पूर्वीचा राहिला नाहीं, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांची पेंचदार, लयीशीं बांधलेली गायकी या नव्या आवाजाच्या गरजेंतून घडली, असें जाणकार मानतात. एका घराण्याची अवघी शैली एका माणसाच्या बिघडलेल्या गळ्यांतून निघाली असेल, तर त्या दिवसांचा तपशील केवढ्या किंमतीचा! कोणता स्वर प्रथम परत आला? कोणती तान सोडून द्यावी लागली? नातवानें प्रेमानें आणि निष्ठेनें जें मिळालें तें टिपून घेतलें. पण घरच्या माणसाला आजोबांच्या गोष्टी ऐकावयाच्या असतात. म्हणून दरबार, प्रवास, मैफली आणि गणगोत यांना त्यांत मोठी जागा मिळाली, आणि गळ्याच्या आंतल्या कारभाराला त्या मानानें थोडी. याबद्दल नातवास दोष देणें कृतघ्नपणाचें होईल. त्यानें लिहून घेतलें नसतें तर आपल्याला एवढेंहि मिळालें नसतें.

तिसरा प्रकार या टापूबाहेरचा. पण तुलनेसाठीं तो घेतलाच पाहिजे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशानें वकील. ग्रंथांतील संगीत आणि प्रचारांतील संगीत यांचा मेळ घालावा, या ध्यासानें ते देशभर हिंडले. १९०४ सालीं त्यांनीं दक्षिणेचा प्रवास केला आणि एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांसारख्या अधिकारी पुरुषाची गांठ घेतली. ठिकठिकाणच्या विद्वानांशीं व गायकांशीं झालेल्या भेटींच्या त्यांनीं ठेवलेल्या नोंदी वाचतांना वकिलाची उलटतपासणी चालली आहे असा भास होतो. अमुक ग्रंथ आपण पाहिला आहे काय? श्रुति किती मानतां? आधार काय? समोरचा गायक गोंधळतो, उत्तर टाळतो, आणि पंडितजी निराश होऊन परततात. येथें प्रश्न चुकीच्या न्यायालयांत विचारला गेला. ज्याचें ज्ञान गळ्यांत आहे त्याला पोथीचा पुरावा मागितला, तर तो अडाणी ठरणारच. पण याच भातखंड्यांची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. जयपूरच्या महंमद अलीखाँ कोठीवालांच्या घराण्यापुढें ते शिकावयास बसले, तेव्हां शेंकडों बंदिशी त्यांच्या हातीं लागल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांचा पाया समृद्ध झाला. जिज्ञासु तोच, समोरचे लोकहि त्याच वर्गांतले. बसण्याची जागा बदलली एवढेंच. फिर्यादीच्या वकिलास जें मिळालें नाहीं तें शिष्यास मिळालें.

हा धडा ज्यानें पुरता आत्मसात् केला असा पुरुष मिरजेनेंच दिला. प्रोफेसर बी. आर. देवधर (१९०१–१९९०) हे विष्णु दिगंबरांचे शिष्य. १९२५ सालीं त्यांनीं मुंबईंत 'स्कूल ऑफ इंडियन म्यूझिक' काढलें. कुमार गंधर्व त्यांच्याच हाताखालीं तयार झाले. 'संगीत कला विहार' या मासिकाचे ते संपादक होते, आणि त्यांच्या भेटीगांठींतून निर्माण झालेलें 'थोर संगीतकार' हें पुस्तक या प्रकारच्या लेखनाचा मराठींतील मानदंड आहे असें मीं म्हणेन. देवधर दुसऱ्या घराण्याच्या गायकाकडे जात, ते आपलें घराणें दाराबाहेर ठेवून. पाश्चात्य संगीत आणि आवाजाचें शास्त्र यांचाहि त्यांनीं अभ्यास केला होता. तरी समोरच्यास परीक्षेस बसविण्याची हौस त्यांना नव्हती. कोणी चमत्कारिक स्वभावाचा, कोणी फाटका, कोणी लहरी. त्यांच्यापाशीं ते दिवसचे दिवस बसत, चीज शिकत, आणि शिकतां शिकतां विचारीत. म्हणून त्यांच्या लेखांतील गायक बोलतो तो आपल्या रियाजाचें, आपल्या फजितीचें, आपल्या गुरूच्या कंजूषपणाचें बोलतो. 'कलेची उपासना' असले शब्द त्याच्या तोंडीं फारसे येत नाहींत. देवधरांच्या लेखांतहि उणीवा आहेत. आठवणींवर विसंबल्यामुळें कांहीं ठिकाणीं आख्यायिका आणि घडलेली गोष्ट यांची सरमिसळ होते, आणि भक्तीच्या भरांत कधीं कधीं चिकित्सा मागें पडते. पण माणूस हरवत नाहीं. पुस्तक मिटल्यावर प्रत्येक गायक निराळा आठवतो, यापरतें दुसरें प्रशस्तिपत्र तें कोणतें?

आणखी एक विचारणारा याच टापूंत होऊन गेला, आणि त्याचा प्रश्न शब्दांचा नव्हता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं अब्दुल करीमखाँसाहेबांच्या साहाय्यानें स्वरांचें तारेवर मोजमाप केलें आणि बावीस श्रुतींविषयींचा आपला ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध केला. पुढें क्लेमंट्स या मुलकी अधिकाऱ्याच्या सहकार्यानें श्रुतींची पेटी तयार झाली, आणि १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला. गायकाला 'तुमचा गंधार कोणता?' असें न विचारतां तो गाववून मोजावा, ही कल्पना मोठी धीट आणि खरोखर शास्त्रीय होती. पण खाँसाहेबांचा स्वर एका जागीं थांबून राहणारा नव्हे. तो शेजारच्या स्वरांतून येतो, त्यांच्याकडे पाहत राहतो आणि मींडेनें पुढें सरकतो. पेटीच्या पट्टीला तेवढें सरकतां येत नाहीं. ज्या भांड्यानें मोजावयाचें त्या भांड्याच्या आकाराचेंच उत्तर मिळतें. ही गोष्ट तारेला जशी लागू, तशी आपल्या प्रश्नांनाहि लागू आहे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कलावंतानें बोलावें कशाला? त्याची कृति बोलते. चित्र भिंतीवर आहे, गाणें तबकडींत आहे. मग हा शब्दांचा पसारा हवा कशाला? याचें उत्तर असें कीं, कृति काय झालें तें सांगते; काय टाकून दिलें तें सांगत नाहीं. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या तबकड्या सुदैवानें आहेत. पण एकेक बाजू सुमारें तीन मिनिटांची. जो गायक मैफलींत एकेक राग तासभर खुलवी, त्यानें तीन मिनिटांत काय ठेवलें आणि काय गाळलें? कोणत्या हिशेबानें गाळलें? तें तबकडी सांगणार नाहीं. एकाचा आवाज उरला, दुसऱ्याचे शब्द उरले. या दोन खाँसाहेबांपैकीं पुरता असा आपल्याला एकहि मिळाला नाहीं. तेव्हां बोलणें हें कृतीच्या जागीं यावयाचें नसून तिच्या शेजारीं ठेवावयाचें आहे. आणि तें ठेवतांना विवेक हवा. कलावंत स्वतःच्या हाताविषयीं जें सांगतो तें बहुधा विश्वसनीय असतें. घराण्याच्या उगमाविषयीं, प्रतिस्पर्ध्याविषयीं आणि स्वतःच्या थोरवीविषयीं जें सांगतो तें साक्ष म्हणून नोंदवावें, निकाल म्हणून नव्हे.

हें सर्व मला पुस्तकांतून कळलें असें म्हटलें तर तें खरें होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मिरजेच्या सतारमेकर गल्लींत एका वयस्क कारागिराकडे मी तंबोरा घेऊन गेलों होतों. दुकानांत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळविलेले भोपळे छतापर्यंत रचलेले, आणि तुणीच्या लांकडाचा भुसा सर्वत्र पडलेला. भोपळा आधीं निवडावयाचा आणि त्याच्या मापानें बाकीचें वाद्य बेतावयाचें, हें त्यांनीं बोलतां बोलतां सांगितलें. मग ते जवारी काढावयास बसले. घोडीच्या पाठीवरून कानस फिरवीत, तार छेडीत, पुन्हां कानस फिरवीत. मीं माझा विद्वत्तापूर्ण प्रश्न केला : 'जवारी बरोबर लागली हें आपल्याला कशावरून समजतें?' ते म्हणाले, 'त्यात काय सांगायचं, साहेब? समजतं.' संभाषण संपलें! थोड्या वेळानें, केवळ कांहीं बोलावें म्हणून, मीं विचारलें, 'आणि चुकली म्हणजे काय होतें?' त्याबरोबर त्यांनीं कानस खालीं ठेवली. घोडी जास्त घासली तर आवाज बसका कसा होतो. कमी घासली तर तार कोरडी कशी बोलते. जोडाच्या दोन तारा कानांत भांडूं लागल्या तर सूत कोणत्या तारेचें हलवावें. काळी एकच्या गायकाचा तंबोरा काळी पांचच्या गायिकेनें तसाच चढवून घेतला तर जवारी पुन्हां का काढावी लागते. आणि तरुणपणीं एका मोठ्या गायकाची घोडी हातून कशी बिघडली व वडिलांनीं रात्रभर बसून ती कशी सुधारली, हें सर्व त्यांनीं अर्धा तास सांगितलें. प्रत्येक गोष्ट त्यांनीं बिघडवून दाखविली आणि पुन्हां नीट करून दाखविली. बरोबर काय तें त्यांना सांगतां येत नव्हतें. चूक काय तें मात्र सूताच्या जाडीइतक्या बारकाईनें सांगतां येत होतें. त्या दिवसापासून माझी अशी समजूत झाली आहे कीं, कलावंतास यशाचें नव्हे, चुकीचें विचारावें.

ही समजूत मला फार उशिरा आली. त्याच्याहि बऱ्याच आधीं एका लहानशा नियतकालिकासाठीं संगीत नाटकांत ऑर्गन वाजविणाऱ्या एका वृद्ध साथीदारांस मी भेटलों होतों. मीं बारा प्रश्न लिहून नेले होते. गोडी कशी लागली, पहिलें नाटक कोणतें, आवडता नट कोण, आजच्या रंगभूमीविषयीं काय वाटतें, वगैरे. त्यांनीं अत्यंत सौजन्यानें बाराहि उत्तरें दिलीं, चहा पाजला, आणि 'आणखी काही?' म्हणून विचारलेंहि. मीं 'नाही' म्हटलें. लेख छापून आला. तो त्यांनीं आवडीनें जपून ठेवला होता असें मागाहून समजलें. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या साथीनें गाणाऱ्या एका वयोवृद्ध नटीनें मला सहज सांगितलें, 'पदाला तिसरा वन्समोअर मिळाला की माझा दम संपायचा. कोणत्या शब्दापाशी संपणार ते मला ठाऊक नसायचं, त्यांना असायचं. मी थांबायच्या आधीच त्यांची बोटं ती जागा भरून काढीत. प्रेक्षकांना वाटे, बाईंनी काय सुंदर जागा सोडली!' त्यांना तें कसें कळे? तिच्या खांद्यावरून? स्वराच्या टोंकावरून? कीं शब्दाच्या उच्चारांत कांहीं फरक पडे? हें जगांत एकच माणूस सांगूं शकला असता, आणि तो माझ्यासमोर दोन तास बसला होता. त्यांना ती गोष्ट सांगण्याजोगी वाटली नाहीं, हें स्वाभाविक होतें. ती विचारावयाचें काम माझें होतें.

म्हणून पुढील अंकांतून अशीं संभाषणें लिहूं इच्छिणाऱ्या तरुण मित्रांना माझी विनंति एवढीच कीं, कलावंताकडे जातांना प्रश्नांची यादी नेली तरी ती खिशांत ठेवावी. जाण्यापूर्वीं ती कला थोडीशी, वाईट कां होईना, करून पाहावी. आपल्या हातून ती कोठें बिघडते हें कळलें, म्हणजे काय विचारावें तें आपोआप सुचतें. त्याच्या घरीं बसण्यापेक्षां त्याच्या कामाच्या जागीं बसावें, आणि त्याच्या हातांत त्याचें हत्यार असूं द्यावें. तो थांबला तर आपण बोलूं नये. बहुधा तो ऐकत असतो. आणि त्यानें 'आणखी काही?' असें विचारलें, तर निदान त्या वेळीं तरी 'नाही' म्हणूं नये. प्रत्येक गांवांत देवळाच्या नगारखान्यांतला सनईवाला, पाट्या रंगविणारा पेंटर, तबल्याला शाई भरणारा कारागीर, भजनी मंडळाचा पखवाजी अशी चार-दोन माणसें अजून आहेत. त्यांच्यापैकीं कोणाला चरित्रकार मिळणार नाहीं, आणि नातू लिहून घेईलच असेंहि नाहीं. त्यांच्या कलेची जी कांहीं नोंद राहील, ती आपण काय विचारलें यावरच अवलंबून राहील.